डुकरं पळवायचा दिवा

दिव्याच्या कडेला साबुदाण्याएवढा एक काचेचा ठिपका होता. आजूबाजूला उजेड किती आहे एवढंच पाहायचं, हे त्याचं काम. उजेड पुरेसा असला की दिवा झोपून राही आणि वरच्या काळ्या पट्टीतून ऊन पीत राही. उजेड कमी झाला की तो जागा होई आणि एकदा लाल, एकदा निळा असा लखलखू लागे. रात्र कुठली आणि झाडाची सावली कुठली, हे त्या ठिपक्याला कळत नव्हतं. तो फक्त उजेड मोजत होता, आणि ते काम चोख करत होता.

काशीराम शिवलकरांनी हा दिवा रानडुकरांसाठी मागवला होता. गोळपच्या सड्यावर, तिथल्या कातळी पठारावर, त्यांची आंब्याची बाग होती. बागेच्या कडेला लावलेली रताळी आणि नारळाची नवी रोपं डुकरं दर रात्री उकरून जात. लखलखणारा दिवा पाहिला की डुकरांना माणसं आली असं वाटतं, असं जाहिरातीत म्हटलं होतं. दिव्याला भोंगाही होता, पण तो शिवलकरांनी आल्याआल्या बंद करून टाकला. रात्रीच्या आवाजाचे नियम त्यांना पाठ होते. त्यांची सगळी नोकरी परिवहन कार्यालयात गेली होती. गाडीवर कोणता दिवा कोणी लावायचा आणि कोणी नाही, हे ते चहा पिता पिता कलमासकट सांगत. देशभरातल्या साहेबलोकांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरवायचा हुकूम निघाला त्या वर्षी त्यांनी एका सभापतींना स्वतः उभं राहून दिवा काढायला लावला होता. सभापतींनी ते इतकं मनाला लावून घेतलं की पुढे लग्नपत्रिकाही पाठवली नाही.

पहिल्यांदा वापरण्याआधी दिव्याला दिवसभर ऊन दाखवायचं होतं. अंगणात आंबा, मागे फणस, बाजूला कोकम. ऊन होतं ते फक्त फाटकाबाहेर कातळावर उभ्या असलेल्या गाडीच्या टपावर. शिवलकरांनी दिवा तिथे ठेवला. तळाला लोहचुंबक होतं, ते खटकन चिकटलं. त्यांनी ठिपका चाचपडून अंगठ्याखाली दाबला, दिवा लखलखला. अंगठा काढला, विझला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत काहीतरी छापलं होतं. ते वाचायचा त्यांनी थोडा वेळ प्रयत्न केला, मग नेहमीचंच असेल असं स्वतःला सांगितलं आणि ते जेवायला गेले.

बारीक अक्षरं हल्ली त्यांना नेहमीचीच वाटत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. रत्नागिरीतल्या मोठ्या दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टर योगिनी त्यांना दर खेपेला ऑपरेशनची तारीख देत आणि शिवलकर ती दर खेपेला पुढे ढकलत. आधी गणपती आले. मग भातकापणी. मग कलमांना मोहोर. खरी गोष्ट एवढीच होती की त्यांना भीती वाटत होती. डोळ्यात कुसळ गेलं तरी ज्या माणसाला घाम फुटतो, त्याने डोळ्यात शस्त्र घालून घ्यायचं, ही कल्पनाच त्यांना झोपू देत नसे. पण हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आजही डॉक्टरांकडे जायचं होतं आणि त्यांचं वाक्य तयार होतं: आंबा झाला की करू.

त्या वाक्याचीच उजळणी करत ते संध्याकाळी ऊन कलल्यावर गाडीत येऊन बसले. टपाकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. त्यांच्या पत्नी मालनबाई उंचीने गाडीच्या आरशापर्यंतच होत्या. त्यांना टप कधी दिसलाच नव्हता.

मालनबाईंचंही एक गुपित होतं. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या आणि ते त्यांनी मुद्दाम सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आधी तुझं बघू, माझ्या डोळ्यांचं काय एवढं, असं म्हणून नवरा गाडी भलत्याच दवाखान्याकडे वळवील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सडा उतरताना रस्ता दोन्ही बाजूंच्या जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून, बुटक्या कुंपणभिंतींमधून जातो आणि वर काजूची झाडं एकमेकांत गुंतलेली आहेत. गाडी त्या सावलीत शिरली आणि गडग्यावर निळा उजेड लखकन येऊन गेला. मग लाल. मग पुन्हा निळा.

शिवलकरांचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. मागच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं होतं, की डोळ्यांसमोर वीज चमकल्यासारखं होतं का? तसं झालं तर एक तासही थांबू नका, डोळ्याच्या आतला पडदा सुटत असतो. तेव्हा ते नाही म्हणाले होते आणि ते खरंही होतं.

शेजारी मालनबाईंनी हळूच डोळे मिटले. प्रेशर वाढलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असं त्यांची बहीण सांगायची. काजवे निळेही असतात, हे मात्र तिने सांगितलं नव्हतं.

सावली संपली, गाडी उघड्यावर आली आणि चमकणं थांबलं. दोघांनीही सुटकेचा श्वास सोडला. एकमेकांचा ऐकला, आणि दोघंही दचकली.

"काय वो, बरं वाटत नाय काय?" मालनबाईंनी विचारलं.

"मला काय झालंय? तुझाच चेहरा उतरलाय."

"ऊन लागतंय."

ऊन गाडीच्या दुसऱ्या बाजूला होतं.

पुढे आणखी एक आंबराई लागली. सावलीत चमकलं, उजेडात थांबलं. शिवलकर पद्धतशीर विचार करणारे गृहस्थ होते. सावलीत होतं, उजेडात होत नाही. म्हणजे अंधारात बाहुली मोठी होते तेव्हाच होतं. म्हणजे दोष डोळ्याच्याच आत आहे. या तर्कात त्यांना एकही फट सापडली नाही. मालनबाईंनीही आपला हिशेब मांडला होता: सावली नेमकी वळणांवर होती, आणि वळणावर चक्कर येणारच. शेवटी दोघांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट ठरवली, की दवाखान्यात पोचेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

फणसोपच्या पुढे गेल्यावर सूर्य समुद्रात उतरला आणि साबुदाण्याएवढ्या ठिपक्याच्या हिशेबाने आता रात्र झाली. यानंतर चमकणं थांबलं नाही. ते रस्त्याच्या पाट्यांवर दिसत होतं, सुरूच्या बनात दिसत होतं, समोरून येणाऱ्या माणसांच्या तोंडांवर दिसत होतं. ती माणसं घाबरून कडेला होत होती.

शिवलकरांना पहिल्यांदा वाटलं, की भास असेल. मग पुढची मासळीची गाडी त्यांना आरशात पाहून झपकन डावीकडे गेली आणि थांबली. मग दोन मोटारसायकली वाळूत उतरल्या. मग समोरून येणारी एसटी चक्क बाजूला झाली. एसटी कोणासाठी बाजूला होत नाही, हे रत्नागिरीच्या माणसाला सांगावं लागत नाही. शिवलकरांना कळून चुकलं की आपण गाडी इतकी वेडीवाकडी चालवत आहोत, की गावाला लांबूनच दिसतंय, आंधळा माणूस येतोय. एसटीच्या चालकाने तर कपाळाला हात लावला. तो सलाम होता, पण शिवलकरांनी तो कपाळ बडवण्याच्या अर्थाने घेतला.

त्यांनी गाडी कडेला घेऊन थांबायचं ठरवलं. वेग कमी केला, त्याबरोबर मागून कोणीतरी जीवाच्या आकांताने हॉर्न वाजवू लागलं.

मागे एक जीप होती. ती सदू चालवत होता आणि त्याची आई सोनूबाई मागच्या बाकावर होती. दुपारी पातेरा, झाडांखालचा वाळका पाला, गोळा करताना तिच्या पायाला फुरसं चावलं होतं. कातळातलं हे वीतभर जनावर दिसतं लहान, पण त्याचं विष पायापासून वर चढायला लागलं की वेळ राहत नाही. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती, म्हणून सदूने शेजाऱ्याची जीप काढली. खिडकीतून पांढरा रुमाल हलवत, हॉर्न दाबत तो भाट्याच्या किनाऱ्यापर्यंत आला आणि तिथे सुट्टीच्या गर्दीत अडकला. रुमालाकडे कोणी पाहत नव्हतं. तेवढ्यात शेजारून लाल-निळा दिवा लखलखवत एक पांढरी गाडी गेली आणि गर्दी साडीच्या निऱ्यांसारखी दुभंगली. सदूने देवाचं नाव घेतलं आणि जीप तिच्या मागे लावली.

शिवलकरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना आरशात फक्त दोन प्रखर दिवे आणि रागाने हलणारं एक पांढरं फडकं दिसत होतं.

"मागचा शिव्या घालतोय," ते म्हणाले. "थांबतो मी."

"थांबू नका," मालनबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "सरळ दवाखान्यात चला. मिळेल तेवढ्या लवकर."

मालनबाई स्वतःविषयी बोलत होत्या. शिवलकरांना वाटलं, हिला सगळं कळलंय, फक्त मला सांगायचं धाडस होत नाहीये. त्यांना रडू आलं, आणि रडण्याने समोरचं आणखी धूसर झालं. त्यांनी वेग वाढवला.

भाट्याच्या पुलावर रोज संध्याकाळी गाड्या खोळंबतात. त्या दिवशी त्या कठड्याला घासून उभ्या राहिल्या आणि मधून वाट निघाली. पुलाच्या टोकाला वाहतूक पोलिस शमिका भुवड उभी होती. तिने समोरची सगळी वाहतूक हाताने रोखली आणि या गाडीला पुढे काढलं. गाडी जवळून गेली तेव्हा आत तिला डोळे मिटून बसलेली एक बाई आणि रडणारे एक गृहस्थ दिसले. नंबरपाटी खासगी होती. शमिकाने शिट्टी खिशात टाकली आणि स्कूटर चालू केली.

दवाखान्याच्या पहारेकऱ्याने फाटकाची दोन्ही दारं उघडली. शिवलकरांनी गाडी आत घेतली, बंद केली आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. जीप शेजारून पुढे जाऊन मोठ्या दारापाशी थांबली, माणसं धावली, सोनूबाईला स्ट्रेचरवर घेतलं. बोलू नका, शांत पडून राहा, असं तिला एक नर्स सांगत होती.

"पायाला चावलाय गो," सोनूबाई म्हणाली, "तोंडाला नाय."

तिला आत नेऊन इंजेक्शन सुरू केल्यावर सदू परत बाहेर आला आणि शिवलकरांच्या खिडकीपाशी हात जोडून उभा राहिला. डॉक्टर म्हणाले होते, की वेळेत आणलीत, आता काळजी नको.

"साहेब, तुमी पुढे नसतात तर आमी पुलावरच ऱ्हायलो असतो. दिवा बगितला नि मागे लागलो."

"कसला दिवा?"

"ह्यो काय. टपावरचा."

शिवलकर गाडीतून उतरले, दोन पावलं मागे गेले आणि त्यांनी वर पाहिलं. टपावर दिवा लखलखत होता. लाल चमकला तेव्हा त्यांच्या मनात आनंद दाटून आला: पडदा सुटला नव्हता, डोळ्यांत वीज नव्हती, जे दिसत होतं ते खरोखरच होतं. मग निळा चमकला आणि त्यांना नियम आठवला.

स्कूटर त्यांच्या मागेच येऊन थांबली.

"हा दिवा कोणाचा?" शमिकाने विचारलं.

"डुकरांचा," शिवलकर म्हणाले.

शमिकाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तिने ओळखलं. लायसन्सच्या परीक्षेच्या दिवशी याच काकांनी तिला आणि बाहेर रांगेत उभ्या सगळ्यांना आणीबाणीच्या वाहनांविषयी एक लांबलचक व्याख्यान दिलं होतं. कोणत्या मोजक्या गाड्यांवर असा दिवा चालतो, बाकी कोणावर चालत नाही, मग तो कितीही मोठा माणूस असो. तिला त्यातलं बरंचसं अजून आठवत होतं आणि तिने ते त्यांना ऐकवलंही, अगदी त्यांच्याच शब्दांत. शिवलकर मान खाली घालून ऐकत राहिले. एके ठिकाणी तिने कलमाचा आकडा चुकवला, पण तो दुरुस्त करायची हिंमत त्यांना झाली नाही.

"आता सांगा काका. लावलात की राहिला?"

"राहिला. उन्हात ठेवला होता."

"आणि वाटभर चमकत इथपर्यंत आला तो दिसला नाय?"

शिवलकर बोलायला गेले आणि थांबले. दिसला म्हणावं, तर कायदा जाणूनबुजून मोडला असं होत होतं. दिसला नाही म्हणावं, तर एवढा दिवा ज्याला दिसत नाही त्याने गाडी चालवायची कशी? आणि खरं सांगावं, की दिसत होता पण मला वाटलं डोळे जातायत, तर मग डोळे जात असताना गाडी का चालवलीत, हा पुढचा प्रश्न होता. आयुष्यभर त्यांनी लोकांना अशाच कोपऱ्यांत उभं केलं होतं. कोपरा आतून कसा दिसतो ते त्यांना आज कळत होतं.

"मला दिसत होता," मागून मालनबाई म्हणाल्या. "मला वाटलं माझं प्रेशर वाढलंय. गोळ्या संपल्यात ना माझ्या."

शिवलकर वळले. "गोळ्या संपल्यात? आणि तू बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही आज डोळे दाखवायला आला असतात?"

"मला वाटलं माझा पडदा सुटला," शिवलकर हळूच म्हणाले.

"म्हणजे तुम्हालाही दिसत होता?"

"सड्यापासून."

शमिका आळीपाळीने दोघांकडे बघत होती. "दोघांनाबी दिसत होता," ती सावकाश म्हणाली, "आणि दोघंबी गप?"

शमिकाने आधी दिवा बंद करायला सांगितलं. शिवलकरांनी तो टपावरून उचकटून काढला आणि बटण शोधू लागले. बटण रबरी टोपणाखाली कुठेतरी होतं. त्यांची बोटं सगळीकडून फिरली, ते सापडेना. लोक जमू लागले तसा त्यांनी घाईने दिवा मालनबाईंच्या कापडी पिशवीत कोंबला. ठिपक्याला आत मिट्ट काळोख मिळाला, आणि पिशवी आतून लाल-निळी होऊन धडधडू लागली.

"मागे काय छापलंय ते तरी वाचलंत?" शमिकाने दिवा बाहेर काढून त्यांच्यापुढे धरला. शिवलकरांनी तो जवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. शेवटी मालनबाईंनी वाचून दाखवलं: फक्त शेतीसाठी, वाहनावर लावण्यास मनाई आहे.

शिवलकरांनी दिवा पुन्हा पिशवीत सरकवला.

"आज दिवा होता म्हणून लोकांनी तुम्हाला बघून वाट दिली, काका," शमिका म्हणाली. तिचा आवाज आता पोलिसाचा नव्हता. "उद्या दिवा नसणार. जा, डॉक्टरना भेटून या. मी हितंच हाय. चलनाचं मग बघू. घरी जाताना गाडी मात्र तुमी चालवायची नाय."

सदूने लगेच किल्ली मागून घेतली. आई आतमध्ये नर्सशी भांडतेय म्हणजे ती बरी आहे, मी तुम्हाला सोडून येतो, असं त्याचं म्हणणं होतं.

डॉक्टर योगिनींच्या तपासणीच्या खोलीत नेहमीसारखा अंधार होता. शिवलकर उंच खुर्चीवर बसले, मांडीवर पिशवी घेऊन. मालनबाई भिंतीपाशी स्टुलावर बसल्या. डॉक्टर कागद चाळत नेहमीचे प्रश्न विचारू लागल्या. दुखतं का? पाणी येतं का? चमकल्यासारखं काही दिसतं का?

"दिसतं," शिवलकर म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली. "कधी?"

"आत्ता."

"कुठे?"

"पिशवीत."

त्यांनी दिवा बाहेर काढून टेबलावर ठेवला. खोलीच्या भिंती, अक्षरांचा तक्ता, डॉक्टरांचा पांढरा कोट, सगळं एकदा लाल, एकदा निळं होऊ लागलं. मालनबाईंनी थोडक्यात काय घडलं ते सांगितलं. डॉक्टर हसल्या नाहीत, पण त्यांना थोडा वेळ रुमाल तोंडावर धरावा लागला.

मग त्यांनी शिवलकरांचे डोळे नीट तपासले. पडदा शाबूत होता, घाबरण्यासारखं काही नव्हतं. मोतीबिंदू मात्र होता तिथेच होता, थोडा आणखी पिकून. आता मालनबाईंना खरी धास्ती वाटू लागली. पडदा चांगला आहे, हे ऐकल्यावर या माणसाला आणखी एक वर्ष सहज काढता येणार होतं.

डॉक्टरांनी टेबलावरचा मोठा दिवा लावला. पांढरा उजेड टेबलभर पसरला, आणि लाल-निळं चमकणं चटकन थांबलं. खोली एकदम शांत वाटली.

"तर मग," डॉक्टर पेन उघडत म्हणाल्या, "आंबा झाल्यावर ना?"

शिवलकरांनी टेबलावरच्या त्या दिव्याकडे पाहिलं. तो विझला होता, म्हणजे कडेला कुठेतरी साबुदाण्याएवढा ठिपका जागा असणार आणि उजेड मोजत असणार. त्यांनी डोळे बारीक केले, मान तिरकी केली. एवढ्या उजेडातही तो त्यांना दिसला नाही.

"आधी हिचं प्रेशर बघा," ते म्हणाले. मग त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "आणि माझा उजवा डोळा याच आठवड्यात करून टाका."